राजाला झोप येईना

"बंगला किती खोल्यांचा हो?" असं एखाद्या पाहुण्यानं विचारलं, की अंबाक्का या प्रश्नाचीच वाट बघत असल्यासारख्या पुढं सरसावायच्या. "बेचाळीस," त्या सांगायच्या. "न्हाणीघरं वेगळी." पाहुणा 'बापरे' म्हणायचा. तो बापरे त्याला नीट पचू द्यायच्या आणि मग विचारायच्या, "त्यातली माझी कुठली, ओळखा बघू."

पाहुणा इकडंतिकडं बघायचा. रंगीत काचांची? "नाही." वरची, गच्चीला लागून असलेली? "चांगली आहे, पण नाही. आणखी एक सांगा." तो पुरता हरला, की त्याला मोठ्या जिन्याखाली घेऊन जायच्या. तिथं एक हिरवी पत्र्याची ट्रंक, गुंडाळलेली गादी आणि भिंतीतल्या खिळ्याला अडकवलेल्या दोन साड्या. "ही," असं म्हणून त्या इतक्या मोकळ्या हसायच्या, की आपणही हसावं की गप्प बसावं हे पाहुण्याला कळायचं नाही. मला तर पहिल्या दिवशी मुळीच कळलं नव्हतं. मी हसले आणि नंतर आठवडाभर स्वतःवरच चिडले.

तुळजाविलास बसवनगुडीत होता. रेशमाच्या व्यापारात बक्कळ मिळवलेल्या एका मराठी साहुकारानं, म्हणजे अंबाक्कांच्या वडिलांनी, तो हौसेनं बांधला होता. बर्मी सागाचा जिना, नक्षीच्या फरश्या, साठ-सत्तर माणसं जेवायला बसतील असा हॉल. पोर्चमध्ये दोन मोटारी मावायच्या. त्यातली एक कायमची मावून बसली होती, चारही चाकं जमिनीला टेकवून. घराणं बंगळूरात चार-पाच पिढ्यांपासूनचं. त्यामुळं त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मुरलं होतं, की पुण्याकडचा माणूस आधी हसायचा आणि मग 'काय म्हणालात?' असं विचारायचा. मी निपाणीकडची, तेव्हा मला काही अडलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझ्या बदलीमुळं आम्ही दोघं नवरा-बायको बंगळूरात आलो आणि बंगल्यामागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहिलो. तिथं पूर्वी टांगेवाला राहायचा. खोल्या दाखवायला अंबाक्काच आल्या होत्या. सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या असतील. बुटक्या, गोऱ्या, कानात कुड्या आणि दाढेखाली सदैव एक लवंग. आमच्या ह्यांना त्यांनी नखशिखांत न्याहाळलं आणि मला विचारलं, "काय गे, हा बोलतो का?"

"फार नाही," मी म्हटलं.

"सरी. मग राहा. घरात दोघं बोलणारी असली की भिंतींना त्रास होतो."

अंबाक्का जिन्याखाली कशा पोचल्या, ही गोष्ट त्या कधी सलग सांगायच्या नाहीत. तुकड्यातुकड्यानं कळली ती अशी. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं, विसाव्या वर्षी नवरा गेला, आणि त्या एका ट्रंकेसह माहेरी परत आल्या. तेव्हा बंगला पाहुण्यांनी भरलेला होता, म्हणून "खोली रिकामी होईपर्यंत दोन दिवस" त्यांची गादी जिन्याखाली घातली. खोल्या रिकाम्या झाल्याही. पण मग धाकट्या तीन भावांची लग्नं झाली, त्यांना खोल्या लागल्या, मग त्यांच्या मुलांना लागल्या. मुलं मोठी होऊन मुंबईला आणि अमेरिकेला गेली, तर त्यांच्या खोल्या 'आली तर लागतील' म्हणून कुलपं घालून ठेवल्या. दोन दिवसांची अडतीस वर्षं झाली. यात कुणी दुष्टपणा केला असं नाही. कुणाच्या डोक्यातच आलं नाही, एवढंच. मला हे दुष्टपणाहून जास्त लागलं, पण अंबाक्कांपुढं तसं बोलायची सोय नव्हती. त्या लगेच म्हणायच्या, "सगळा बंगला माझाच आहे की गे. फक्त खोली नाही."

जिन्याखाली राहण्याचा त्यांनी पुरेपूर फायदा उठवला, हेही खरं. डोक्यावरून जाणाऱ्या पावलांवरून त्यांना घरातलं सगळं कळायचं. मी एकदा त्यांच्याजवळ शेंगा सोलत बसले होते. वरून कुणीतरी धाडधाड उतरलं. अंबाक्का मान वर न करता म्हणाल्या, "श्रीपाद. चष्मा सापडंना झालाय." पाठोपाठ दुसरी पावलं. "सुशीला. तिला सापडलाय, पण ती सांगणार नाही." दहा मिनिटांनी श्रीपादराव स्वतःच येऊन विचारायला लागले, "अक्का, माझा चष्मा बघितलास का गे?" अंबाक्का म्हणाल्या, "सुशीलाला चांगलं बोल, सापडतो." आणि सापडला.

हे श्रीपादराव म्हणजे भावांतले थोरले. पेठेतली दुकानदारी तेच बघायचे. सुशीलाबाई त्यांच्या पत्नी. मधले आणि धाकटे भाऊ बंगल्याच्या दोन बाजूंना राहायचे आणि श्रीपादराव म्हणतील त्याला मान डोलवायचे.

पण अंबाक्का खऱ्या कळायच्या त्या दसऱ्यात. म्हैसूरकडं नवरात्रात घरोघरी बाहुल्या मांडतात. पायऱ्या-पायऱ्यांची उतरंड करायची, सगळ्यांत वर राजा-राणीची लाकडी जोडी बसवायची, खाली देव, मग संत, मग वाणी, लोहार, वरात, बाजार. या मराठी घरानं घट सोडले नव्हते आणि बाहुल्याही उचलल्या होत्या. तुळजाविलासातली मांडणी अकरा पायऱ्यांची. हॉलची एक अख्खी बाजू भरायची. बाहुल्यांना दुकानातल्या उरलेल्या रेशमी पट्ट्यांच्या साड्या आणि धोतरं. सगळा पेठभाग बघायला यायचा. संध्याकाळ झाली की पोरांची टोळकी दारात उभी राहून ओरडायची, "गोंबे कूर्सिदीरा?" म्हणजे, बाहुल्या बसवल्यात का? बसवल्या असतील तर पोरांच्या ओंजळीत रोज नव्या कडधान्याची उसळ पडायची.

वरच्या दहा पायऱ्या देवांच्या आणि परंपरेच्या. अकरावी, सगळ्यांत खालची, अंबाक्कांची. त्या पायरीवर वर्षभरात गल्लीत जे घडलं ते मांडलेलं असायचं. नावं कुठंच नाहीत. गरजच नसायची.

आमच्या पहिल्याच दसऱ्यात मी कौतुकानं बघत बघत अकराव्या पायरीशी आले. तिथं एक मातीची बाई डबा घेऊन बसमागं धावत होती. तिच्या साडीचा रंग माझ्या ऑफिसच्या साडीचा. मागं एक मातीचा पुरुष खुर्चीत पेपर तोंडावर घेऊन झोपलेला. मी कानापर्यंत लाल झाले. ह्यांनी वाकून बघितलं आणि त्या वर्षातलं आपलं सर्वांत लांब वाक्य उच्चारलं, "खुर्ची अगदी आपल्यासारखी आहे." दुसऱ्या दिवसापासून डबा हे भरायला लागले. अंबाक्कांनी यावर चकार शब्द काढला नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बघितलं, तर झोपलेल्या पुरुषाच्या हातात पेपरऐवजी पळी होती.

श्रीपादरावांचीही त्यातून सुटका नव्हती. एका संस्थानचे महाराज तुळजाविलासात येऊन पाहुणचार घेऊन गेले होते, ही त्यांची आवडती गोष्ट. प्रत्येक सांगण्यात पंगतीत एक पक्वान्न वाढायचं. एका वर्षी दुकानाचं एक बडं गिऱ्हाईक सहकुटुंब दसरा बघायला आलं. श्रीपादराव महाराजांच्या चांदीच्या ताटापर्यंत पोचले होते, तेवढ्यात त्यांची नजर अकराव्या पायरीवर गेली. तिथं एक खेळण्यातली मोटार होती, तिचं एक चाक काढलेलं. शेजारी फेटेवाली बाहुली उभी राहून शहाळं पीत होती.

"हे काय आहे?" गिऱ्हाइकाच्या बायकोनं विचारलं.

"महाराज," अंबाक्का म्हणाल्या. "आमच्या फाटकासमोर गाडी पंक्चर झाली त्यांची. आत या म्हटलं तर आले नाहीत. शहाळं मात्र आवडीनं प्याले. मी आठ वर्षांची होते, मीच नेऊन दिलं."

श्रीपादराव चार दिवस बहिणीशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी जिन्याखाली येऊन म्हणाले, "अक्का, स्वल्प बघ की. निदान ती गाडी आतल्या अंगाला घे." अंबाक्कांनी घेतली. पोर्चपर्यंत. "याच्या आत नाही," म्हणाल्या, "खोटं बोलायला मला पायऱ्या पुरत नाहीत."

हे सगळं खपवून घेतलं जायचं, कारण मांडणी त्यांच्याशिवाय कुणाला जमायची नाही. शिवाय एक नियम होता. वरची राजा-राणीची जोडी अंबाक्कांच्या लग्नात त्यांना मिळालेली. विधवा बाईनं आरती करायची नाही, म्हणून आरती सुशीलाबाई करायच्या आणि अंबाक्का खांबाआड उभ्या राहायच्या. पण वडील मरण्यापूर्वी घरात सगळ्यांना बसवून सांगून गेले होते, की बाहुल्या अंबाच बसवेल, आणि ज्या हातानं बसवल्या त्याच हातानं निजवायच्या. विजयादशमीला दिवेलागणीच्या वेळी राजाला आडवं केलं, की दसरा संपला. तोपर्यंत तिच्याशिवाय कुणी मांडणीतली काडीही हलवायची नाही. मुलीला खोली द्यायला विसरलेल्या माणसानं तिला हे एवढं दिलं होतं. मला वाटतं, त्याला स्वतःलाही माहीत नसावं काय दिलं ते.

मग बंगळूरात जमिनीला सोन्याचा भाव आला. जुन्या बंगल्यांच्या फाटकांसमोर पांढऱ्या मोटारी थांबायला लागल्या. तुळजाविलासासमोर थांबली ती नागराजप्पा नावाच्या बिल्डरची. धिप्पाड माणूस, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि पावलोपावली आईचं नाव. जागा घ्यायची तर ती फळणारी हवी, असं त्याच्या आईचं म्हणणं. श्रीपादराव व्यापारीच. त्यांनी त्याला हॉलमध्ये उभं करून सांगितलं, "साठ वर्षं इथं बाहुल्या बसतात. एकदाही खंड नाही, एकदाही चूक नाही. राजा उठून बसल्यापासून निजेपर्यंत आम्ही घरातला खिळा हलवत नाही. म्हणून तर लक्ष्मी टिकली." नागराजप्पानं डोळे मिटून हात जोडले आणि त्याच आठवड्यात करार झाला. दसरा पार पडला की किल्ल्या द्यायच्या. आपल्या मालाची तारीफ करताना आपण स्वतःला कसं बांधून घेतोय, हे श्रीपादरावांच्या त्या वेळी ध्यानीमनी नव्हतं.

करारावर तीन भावांच्या सह्या. कागदोपत्री अंबाक्का त्या घरात नव्हत्याच. तिघांचे फ्लॅट ठरले, एक येलहंकाला, बाकीचे दोन शहराच्या दुसऱ्या दोन टोकांना. मग एका दुपारी सुशीलाबाई कॉफी घेऊन जिन्याखाली आल्या. मी तिथंच होते. फार गोड आवाजात त्या म्हणाल्या, "अक्का, तुम्ही काळजी करू नका. आम्ही ठरवलंय. चार महिने आमच्याकडं, चार महिने मधल्यांकडं, चार महिने धाकट्यांकडं. कुणालाच जड होणार नाही."

अंबाक्कांनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "सरी," म्हणाल्या.

त्यांचं 'सरी' म्हणजे होकार नव्हे, हे एव्हाना मला कळलं होतं. सुशीलाबाई मात्र समाधानानं कप घेऊन गेल्या. त्या गेल्यावर अंबाक्का बराच वेळ ट्रंकेच्या कडीशी चाळा करत बसल्या. मग म्हणाल्या, "सुमना, जिन्याखाली राहिले, पण एका जागी राहिले गे. आता म्हातारपणी फिरती नोकरी." हसल्या नाहीत. त्यांना न हसता बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं, आणि मला रडू आलं.

त्या वर्षीचा दसरा शेवटचा, म्हणून गर्दी लोटली. अकराव्या पायरीवर तीन घरं होती, दूर दूर ठेवलेली. मधल्या वाटेवर एक बैलगाडी, गाडीत एक म्हातारी, तिच्या मांडीवर काड्यापेटीची हिरवी ट्रंक. बायका बघायच्या, मग सुशीलाबाईंकडं बघायच्या, मग उसळ घेऊन गप्प निघून जायच्या. नऊ दिवस सुशीलाबाई कानकोंड्या होऊन वावरत होत्या.

विजयादशमीला दिवेलागणीला सगळं घर हॉलमध्ये जमलं. आरती झाली. अंबाक्का स्टुलावर चढल्या, राजासमोर हात नेला, त्याच्याकडं निरखून बघितलं आणि हात मागं घेऊन खाली उतरल्या.

"काय झालं अक्का?" श्रीपादरावांनी विचारलं.

"राजाला झोप आली नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे जागा आहे. टक्क. तूच बघ की."

श्रीपादरावांनी खरंच बघितलं. लाकडी राजाचे रंगवलेले डोळे चाळीस वर्षं उघडेच होते.

दुसऱ्या दिवशीही राजाला झोप आली नाही, तिसऱ्याही. आणि राजा जागा म्हणजे दसरा चालू. दसरा चालू म्हणजे रोज आरती, रोज नैवेद्य, रोज संध्याकाळी दारात पोरं, "गोंबे कूर्सिदीरा?" हरभरे झाले, मूग झाले, चवळी झाली, मटकी झाली, वाटाणे झाले, पुन्हा हरभरे आले. गल्लीतली पोरं सुटीत मामाकडं जायला तयार होईनात. बांधाबांध करायला आलेले मजूर रिकाम्या खोक्यांवर बसून उसळ खायचे आणि परत जायचे. अंबाक्का एवढ्या खुशीत होत्या, की रोज सकाळी उठून स्टुलावर चढायच्या, राजाची चौकशी करायच्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायच्या, "अजून नाही."

श्रीपादरावांनी पुरोहितांना बोलावलं. त्यांनी दोन वाट्या उसळ खाऊन विचार केला. "शास्त्रात असं काही नाही," ते म्हणाले. श्रीपादरावांचा चेहरा उजळला. "पण तुमच्या वडिलांचा शब्द आहे," पुरोहित पुढं म्हणाले, "आणि तो मोडल्यावर जे होईल ते निस्तरायला कृपा करून मला बोलावू नका." मधल्या भावानं सुचवलं, आपणच निजवू या राजाला, अक्का अंघोळीला गेली की. तो स्टुलावर चढलाही. पण वडिलांचा फोटो अगदी समोर होता. गुडघा दुखतो म्हणून उतरला.

दिवाळीच्या पणत्या बाहुल्यांसमोर लागल्या. तुळशीचं लग्न लागलं, त्याला राजा-राणी वऱ्हाडी. शेवटी नागराजप्पा दारं-चौकटी काढायला माणसं घेऊन स्वतः आला. हॉलच्या दारात त्याला अकरा पायऱ्या दिसल्या, तशा त्यानं चपला काढल्या.

"अजून बसलेत?" त्यानं कन्नडमध्ये विचारलं.

"बसलेत," अंबाक्का म्हणाल्या. "तुम्ही पण बसा. आज चवळी आहे."

तो मांडी घालून बसला. श्रीपादराव घाईघाईनं म्हणाले, "तुम्ही तुमचं काम सुरू करा हो. बाहुल्यांचं बघू आम्ही."

नागराजप्पाच्या हातातला घास हातातच राहिला. "सर, तुम्हीच सांगितलंत ना, राजा निजेपर्यंत खिळा हलवत नाही म्हणून? त्यामुळंच तर जागा फळते म्हणालात. मी आईला तसंच सांगितलंय. आता चौकटीला हात लावला तर माझी आई मला घरात घेईल का?"

नागराजप्पानं घास तोंडात टाकला. मग श्रीपादराव बहिणीसमोर फरशीवर बसले. फार थकलेले दिसत होते. "अक्का," ते म्हणाले, "तुला काय पाहिजे?"

अंबाक्कांनी लवंग चावायची थांबवली. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा विचारलंस रे," त्या म्हणाल्या. "एक दार पाहिजे. आतून कडी लागणारं. माझ्या नावाचं. कुणी आलं तर त्यानं बाहेर उभं राहून विचारायला पाहिजे, येऊ का म्हणून."

श्रीपादरावांना हे खरोखर कधी सुचलं नव्हतं, आणि आता ते सुचत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण बोलल्या त्या सुशीलाबाई. पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "द्या हो त्यांना," त्या म्हणाल्या. "आणि लवकर द्या. माझ्याच्यानं आता हरभरे भिजवायचे होत नाहीत."

नागराजप्पाची गांधी बाजाराच्या मागं एक छोटी इमारत पुरी होत आली होती. तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा तिघा भावांनी मिळून अंबाक्कांच्या नावानं घ्यायची ठरली. "मग आता निजवतेस ना?" श्रीपादरावांनी आशेनं विचारलं. अंबाक्कांनी वर बघितलं. "डोळे जड झाल्यासारखे वाटतात," म्हणाल्या. "पण कागद बघितल्याशिवाय त्याला शांत झोप लागायची नाही."

नोंदणीचा कागद यायला आणखी अकरा दिवस गेले. त्यांनी तो चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शिक्क्यापर्यंत वाचला, एकदा माझ्याकडून वाचून घेतला, आणि मग भर दुपारी स्टुलावर चढून राजाला आडवं केलं. "दिवेलागणी होऊ दे की," सुशीलाबाई म्हणाल्या. "नको," अंबाक्का म्हणाल्या, "फार दमलाय."

बंगला पाडायला तीन आठवडे लागले. आम्ही तोवर येलहंकाकडं राहायला गेलो होतो. एकदा मुद्दाम बघायला गेले, तर फाटकासमोर रिक्षा उभी करून अंबाक्का आत बसलेल्या. रिक्षावाल्याशी थांबण्याच्या भाड्यावरून जोरात वाद चालला होता. जिना उतरवून ठेवला होता, पायऱ्या एकावर एक रचलेल्या. मी म्हटलं, "वाईट वाटतंय ना अक्का?"

"वाटतं की," त्या म्हणाल्या. "सुंदर होता गे. असा जिना आता कुणी बांधत नाही. पण खरं सांगू? मला तो कायम खालूनच दिसला." आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, "चल रे. बघून झालं."

नव्या घरी मी दोन-तीनदा गेले. त्या आधी आतून "यारू?" म्हणून विचारायच्या. मी नाव सांगितलं तरी, "कुठली सुमना?" असं पुढं विचारायच्या. मग गाव, नवऱ्याचं नाव, एकदा तर माहेरचं आडनाव. मग दार उघडून पोट धरून हसायच्या. श्रीपादराव दर गुरुवारी यायचे. फ्लॅटमध्ये दुपारी टीव्ही चालतो म्हणून इथं येऊन झोपायचे. त्यांचीही अशीच उलटतपासणी व्हायची, आणि ते मुकाट्यानं वडिलांचं नाव सांगायचे.

आमची हुबळीला बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला गेले. येलहंकाहून दोन बस बदलून, गर्दीत भरल्या वांग्यांचा डबा छातीशी धरून. बेल वाजवली. आतून आवाज नाही. पुन्हा वाजवली. मग दाराशेजारची खिडकी वीतभर उघडली.

"सुमना का? आज दार उघडायचं नाही असं ठरवलंय."

मी खिडकीपाशी गेले. "बरं नाही का अक्का?"

"छान आहे. उत्तम आहे. म्हणूनच. सकाळपासून कुणालाच उघडलं नाही. दूधवाल्याला पण नाही. सुशीला येऊन गेली, तिलाही नाही."

"अहो, मी हुबळीला चालले. परवा."

मला वाटलं, आता कडी वाजेल. खिडकीतून हात आला, डबा आत गेला, झाकण उघडल्याचा आवाज आला. "वांगी चांगली केलीस," त्या म्हणाल्या. मग तोच हात पुन्हा बाहेर आला आणि माझ्या गालावरून फिरला. त्याला मसाल्याचा आणि लवंगेचा वास होता. "सुखी राहा गे. पत्र घाल. आज मात्र नाही."

मला राग आला, हे कबूल करते. दोन बस बदलून आले होते. फाटकापाशी जाऊन वळून बघितलं. खिडकी अजून उघडी होती. आत अंबाक्का खाटेवर पाय लांब करून बसल्या होत्या, मांडीवर माझा डबा, आणि वांगं हातानंच खात होत्या. मी बघतेय हे त्यांना दिसलं. त्यांनी तोंड पुसलं, हसल्या, आणि हात लांब करून खिडकी लावून घेतली.